हलकी भांडी, हलका निवारा : सह्याद्रीतल्या मुक्कामी ट्रेकसाठी निवड कशी करावी

सॅकचे वजन कमी करायचे मनावर घेतले की बहुतेक जण आधी दुकान गाठतात आणि टायटॅनियमच्या भांड्याची किंवा किलोभर वजनाच्या तंबूची किंमत विचारतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. वर गेल्यावर आपण काय शिजवणार हे ठरल्याशिवाय भांडे किती हलके असावे ते कळत नाही, आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या जमिनीवर, कोणाच्या परवानगीने झोपणार हे ठरल्याशिवाय तंबू किती हलका चालेल तेही कळत नाही. हे दोन्ही निर्णय घरी बसून, कागदावर, एक रुपयाही खर्च न करता घेता येतात. ते नीट घेतले तर पुढची खरेदी निम्म्याने कमी होते.

या लेखात उदाहरण म्हणून एकच ट्रेक डोळ्यासमोर ठेवला आहे : डिसेंबर महिना, दोघे जण, दोन मुक्काम, रतनवाडीतून रतनगड, तिथून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत आणि पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. सह्याद्रीत मुक्कामी ट्रेकला जे जे आडवे येते ते जवळजवळ सगळे या वाटेवर भेटते. कातळ आहे, जंगल आहे, गुहा आहेत, गावे आहेत, कड्यावरचा वारा आहे आणि पहाटेचे दवही आहे.

आधी काटा, मग खरेदी

जगभरचे भटके सॅकचे वजन सांगताना अन्न, पाणी आणि इंधन वगळून उरलेल्या सामानाचे वजन सांगतात, कारण या तीन गोष्टी चालता चालता कमी होत जातात. हे मूळ वजन सुमारे साडेचार किलोच्या आत असेल तर तो प्रकार अतिहलका समजला जातो आणि नऊ किलोच्या आत असेल तर हलका. हा आकडा अमेरिकेतल्या दहा आणि वीस पौंडांवरून आलेला आहे, त्यामुळे त्याला फार पवित्र मानण्याचे कारण नाही. सवयीच्या ट्रेकरचे मूळ वजन सहा-सात किलोंवर आले तरी चालण्यातला फरक गुडघ्यांना पहिल्याच उतारावर जाणवतो.

स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्या आणि प्रत्येक वस्तू सुटी मोजून वहीत लिहा. तंबू मोजताना त्याची पिशवी, मेखा, तणावे आणि काठ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. कंपनी जे वजन छापते त्यात बऱ्याचदा मेखा आणि पिशव्या धरलेल्या नसतात, आणि प्रत्यक्ष वजन दोन-तीनशे ग्रॅमने जास्त भरते. भांड्यांचेही तसेच आहे. झाकण, पकड, जाळीची पिशवी, चमचा, लायटर, घासणी हे सगळे मांडले की ‘सव्वाशे ग्रॅमचे भांडे’ प्रत्यक्षात तीनशे ग्रॅमचा संसार निघतो.

यादी तयार झाली की तिच्या शेजारी पाण्याचे वजन लिहावे. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि त्यात काटछाट होत नाही. डिसेंबरात गडांवरच्या टाक्यांना पाणी असते, म्हणून दोन-अडीच लिटर बरोबर ठेवले तरी भागते. मार्चनंतर अनेक टाकी आटतात किंवा त्यांचे पाणी पिण्यासारखे राहत नाही, आणि मग माणशी चार-पाच लिटर खांद्यावर येते. त्या दिवसांत भांड्यातले ऐंशी ग्रॅम वाचवण्यापेक्षा कमी पाण्यात होणारे जेवण निवडणे कितीतरी जास्त उपयोगाचे ठरते.

काय शिजवणार ते आधी लिहा

जेवणाचे तीन मार्ग आहेत. पहिला, काहीच न शिजवणे. दशम्या, गूळपोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर, सातूचे पीठ, मेतकूट आणि पातळ पोहे यांवर दोन दिवस उत्तम निघतात. दडपे पोहे करायला तर विस्तवच लागत नाही. पातळ पोह्यांवर पाण्याचा हबका मारायचा, घरून आणलेली कोरडी फोडणी, दाण्याचे कूट आणि मीठ-साखर घालून दहा मिनिटे झाकून ठेवायचे. असे जेवण ठरवले तर बर्नर, गॅस आणि भांडे हे तिन्ही घरी राहतात आणि दोघांच्या सामानातले साधारण पाऊण किलो वजन एका निर्णयात जाते. एप्रिल-मेच्या ट्रेकला मी हाच मार्ग सुचवीन.

दुसरा मार्ग फक्त पाणी उकळण्याचा. चहा, सूप, शेवया, घरी भाजून तयार केलेले उपम्याचे किंवा पोह्यांचे कोरडे मिश्रण यांना उकळते पाणी आणि पाच-दहा मिनिटांचे झाकण एवढेच लागते.

तिसरा मार्ग खराखुरा स्वयंपाक, म्हणजे खिचडी किंवा मेतकूट घातलेला मऊ भात. थंडीत दिवसभर चालून आल्यावर गरम मऊ भात आणि वर तुपाची धार यांना पर्याय नाही, हे मीही मान्य करतो. पण त्याची किंमत इंधनात आणि भांड्याच्या जाडीत मोजावी लागते, ती पुढे पाहू.

धातू कोणता

वजनाचा हिशेब धातूच्या घनतेपासून सुरू होतो. अॅल्युमिनियमचा एक घन सेंटिमीटर तुकडा २.७ ग्रॅम भरतो, टायटॅनियमचा ४.५ आणि स्टीलचा जवळजवळ ८. म्हणजे टायटॅनियम हे अॅल्युमिनियमपेक्षा जड आहे. तरीही त्याची भांडी हलकी असतात, कारण तो धातू फार बळकट असल्यामुळे पत्रा अगदी पातळ ठेवता येतो. झाकणासह साडेसातशे मिलिलिटरचे टायटॅनियमचे भांडे साधारण ११० ते १३० ग्रॅमचे असते. हार्ड अॅनोडाइज्ड, म्हणजे पृष्ठभाग कठीण केलेल्या अॅल्युमिनियमचे लिटरभराचे भांडे १८० ते २२० ग्रॅमच्या आसपास जाते.

आता दुसरी बाजू. अॅल्युमिनियम उष्णता झटकन सगळीकडे पसरवते. टायटॅनियमची उष्णता वाहून नेण्याची क्षमता त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच आहे. लहान बर्नरची ज्योत भांड्याच्या तळाला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लागते. टायटॅनियमच्या पातळ तळाला तेवढाच ठिपका जास्त तापतो आणि कडेचा भाग तुलनेने थंड राहतो. पाणी उकळताना याने काही बिघडत नाही, कारण पाणी स्वतः हलते आणि उष्णता वाटून घेते. खिचडी घट्ट होऊ लागली की मात्र ती हलायची थांबते, ठिपक्यावरचे तांदूळ तळाला चिकटतात, आणि वरचे दाणे कच्चे असतानाच खालून करपल्याचा वास येतो. चमच्याने सतत ढवळत राहिले तर एखाद वेळ निभते, पण मग झाकण ठेवता येत नाही आणि गॅस दुप्पट जातो.

म्हणून निर्णय सोपा आहे. फक्त पाणी उकळणार असाल तर टायटॅनियम घ्या, आणि खिचडी-भात करणार असाल तर अॅल्युमिनियम. दोन्ही भांड्यांच्या वजनात ऐंशी-नव्वद ग्रॅमचा फरक पडतो आणि तो गॅसच्या बचतीत बराचसा भरून निघतो. स्टील या कामासाठी मनातून काढून टाकावे.

ज्यांना आत्ता खर्च करायचा नाही त्यांच्यासाठी बाजारातले पातळ ‘जर्मन’चे पातेले हा अगदी चांगला पर्याय आहे. लिटरभराचे, रुंद तळाचे, काठ वळवलेले पातेले निवडावे आणि त्यावर नीट बसणारी अॅल्युमिनियमची पातळ ताटली झाकण म्हणून घ्यावी. एक पथ्य मात्र पाळावे : साध्या अॅल्युमिनियममध्ये चिंच, कोकम, टोमॅटो, ताक असे आंबट काही शिजवू नये आणि साठवून तर मुळीच ठेवू नये, कारण आम्लाने धातू पदार्थात उतरतो आणि चवही बिघडते. हार्ड अॅनोडाइज्ड भांड्याच्या पृष्ठभागावर कठीण थर असल्यामुळे ही अडचण येत नाही. घरची स्टीलची सांडशी बऱ्यापैकी जड असते. तिच्याऐवजी ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारी अॅल्युमिनियमची छोटी पकड घ्यावी.

आकार ठरवताना एकट्यासाठी ६०० ते ७५० मिलिलिटर आणि दोघांसाठी लिटर ते सव्वा लिटर पुरते. उंच, अरुंद मग दिसायला सुबक असतो आणि सॅकमध्ये छान बसतो, पण ज्योत त्याच्या तळाबाहेर निसटते. रुंद, बसके भांडे कमी गॅसमध्ये उकळते आणि बर्नरच्या पायांवर डुगडुगत नाही. विकत घेण्यापूर्वी लहान गॅसचा डबा, बर्नर आणि लायटर भांड्याच्या आत बसतात का, ते दुकानातच बसवून पाहावे. तळाला पत्र्याच्या झालरी लावलेली भांडी गॅस वाचवतात, परंतु ती स्वतः जड असल्याने दोन मुक्कामांच्या ट्रेकला त्यांचा फायदा होत नाही. चार-पाच जणांसाठी सहा-सात दिवस स्वयंपाक करायचा असेल तेव्हा त्यांचा विचार करावा.

एक चमचा लांब दांड्याचा असावा. ताटे, वाट्या, वेगळे पेले यांची गरज नाही. एक जण भांड्यात आणि दुसरा झाकणात किंवा मगमध्ये जेवू शकतो.

गॅस किती लागेल

डब्यावर थेट बसणारे बर्नर २५ ग्रॅमपासून ८५ ग्रॅमपर्यंत मिळतात. अगदी हलक्या बर्नरचे पाय आखूड असतात आणि त्यांची ज्योत वाऱ्यात लगेच फाकते. दोघांचे रुंद भांडे ठेवायचे असेल तर ७०-८० ग्रॅमचा, रुंद पायांचा आणि ज्योतीभोवती कडा असलेला बर्नर मी जास्त भरवशाचा मानतो. खटका दाबून पेटणाऱ्या बर्नरचा खटका दमट हवेत दगा देतो, म्हणून लायटर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली काडेपेटी दोन्ही जवळ हवीत.

इंधनाचा हिशेब असा मांडावा. २० अंशांचे एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते आणि एक ग्रॅम ब्यूटेन जळून साधारण ४६ किलोज्यूल देते, म्हणजे कागदावर सात-आठ ग्रॅम गॅस पुरायला हवा. प्रत्यक्षात जवळजवळ निम्मी उष्णता हवेत जाते आणि आडोशाला १२ ते १५ ग्रॅम लागतो. वाऱ्यात हाच आकडा सहज दुप्पट होतो. आमच्या उदाहरणातल्या दोघांना दोन संध्याकाळी प्रत्येकी सव्वा लिटर आणि दोन सकाळी प्रत्येकी एक लिटर उकळायचे आहे. साडेचार लिटर झाले, म्हणजे ७० ग्रॅमच्या आत गॅस. वाऱ्यासाठी आणि एका खिचडीसाठी तीस-चाळीस ग्रॅम वरकड धरला तरी ११० ग्रॅम गॅसचा लहान डबा पुरतो. सवयीने घेतला जाणारा २३० ग्रॅमचा डबा भरलेला ३८० ग्रॅमच्या आसपास भरतो. लहान डबा जवळपास दोनशेला येतो. नुसता हिशेब मांडल्यामुळे १८० ग्रॅम वाचले, आणि भांड्याचा धातू बदलून एवढे कधीच वाचत नाहीत.

अर्धवट वापरलेल्या डब्यात किती गॅस उरला आहे ते काट्यावर कळते. नवा डबा आणल्याबरोबर त्याचे वजन मार्करने त्याच्या तळावर लिहून ठेवावे. पुढच्या वेळी वजन करून वजाबाकी करायची.

खिचडीचा गॅस निम्म्यावर आणण्याची एक रीत आहे. घरून धुऊन वाळवलेले तांदूळ आणि मुगाची डाळ न्यावी, मुक्कामाला पोचल्याबरोबर भांड्यातच पाण्यात तासभर भिजत घालावी आणि तोवर निवारा उभारावा. मग मीठ, हळद, घरची कोरडी फोडणी घालून उकळी आणावी, मंद आचेवर चार-पाच मिनिटे ठेवावी आणि बर्नर बंद करून भांडे गाडीच्या काचेला लावतात त्या चंदेरी पडद्याच्या कापडातून शिवलेल्या पिशवीत घालून वीस मिनिटे झाकून ठेवावे. उरलेली शिजण्याची क्रिया आतल्या उष्णतेवर पूर्ण होते. तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ या रीतीने शिजत नाही. शिवाय हरिश्चंद्रगड १४२४ मीटर उंच असल्यामुळे तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळते, म्हणून घरच्यापेक्षा थोडा वेळ जास्त धरावा.

डब्यात कोणता वायू आहे तेही वाचून घ्यावे. साधे ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळते, त्यामुळे हवा पाच-सहा अंशांवर उतरली की डब्यातला दाब कमी होऊन ज्योत मलूल होते. आयसोब्यूटेन उणे १२ अंशांपर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूपात येते, म्हणून मिश्रण असलेला आट्यांचा डबा थंडीत बरा. साधे ब्यूटेनच मिळाले तर रात्री डबा स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ठेवावा, सकाळी चहा लवकर होतो.

दोन धोके स्पष्ट सांगितले पाहिजेत. डब्यावर बसणाऱ्या बर्नरभोवती पत्र्याचा आडोसा पूर्ण गोल लावू नये. आतली उष्णता डब्यावर परतते, दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. वाऱ्याच्या बाजूने दगडाचा किंवा सॅकचा आडोसा, एक बाजू उघडी, आणि अधूनमधून डब्याला हात लावून तो गार आहे ना याची खात्री, एवढे पुरे. दुसरे म्हणजे बंद तंबूत बर्नर पेटवू नये. ज्योतीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तंबूचे सिलिकॉन लावलेले नायलॉनचे कापड क्षणात वितळते.

स्पिरिटचा छोटा स्टोव्ह पंधरा-वीस ग्रॅमचा असतो आणि तो पाहून मोह होतो. पण स्पिरिटची उष्णता वजनाच्या मानाने गॅसच्या निम्म्याहून थोडीच जास्त, त्याची ज्योत दिवसा दिसत नाही, आणि डिसेंबरनंतर आपल्याकडचे गवत वाळून कोळ झालेले असते. स्टोव्ह कलंडला तर पेटलेले द्रव पसरते. सह्याद्रीच्या माळावर मी तो वापरू नये असेच सांगेन. लाकडाच्या शेकोटीचीही तीच गोष्ट. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. त्यातच कड्यांना आग्या माश्यांची पोळी असतात आणि धुराने त्या उठतात.

प्रवासाचा विचार आधी करावा. गॅसचा डबा विमानात कोणत्याही सामानात नेता येत नाही, आणि रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तू नेण्यास मनाई आहे. कसाऱ्यापर्यंत रेल्वेने जाऊन पुढे जीपने रतनवाडी गाठणाऱ्यांनी म्हणूनच न शिजवण्याचा किंवा गावात जेवण्याचा मार्ग धरावा.

निवारा : कुठे झोपणार

सर्वांत हलका निवारा पाठीवर नसतो. कुमशेत, पाचनई, रतनवाडी या गावांत घराच्या पडवीत किंवा ओसरीवर ट्रेकरना झोपायला जागा आणि पिठलं-भाकरी मिळते. आधी फोन करून विचारावे आणि जागेचे व जेवणाचे पैसे न मागता द्यावेत. दोन मुक्कामांपैकी एक असा केला तर स्वयंपाकाचे सामान आणखी निम्मे होते. पावसाळ्यात तर मी दुसरा काही पर्याय सुचवणारच नाही. घाटमाथ्यावरच्या जुलैतल्या पावसात आणि वाऱ्यात हलका तंबू टिकवत बसण्यात शहाणपण नाही.

रतनगडावर आणि हरिश्चंद्रगडावर गुहा आहेत, पण शनिवार-रविवारी त्या भरलेल्या असतात, म्हणून त्यांच्या भरवशावर निवाऱ्याशिवाय जाऊ नये. मुक्कामाची परवानगी हा वेगळा प्रश्न आहे. कोयना अभयारण्यातल्या वासोट्यावर मुक्काम करता येत नाही, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये तंबू ठोकणे नियमात बसत नाही. वनखात्याच्या नाक्यावर किंवा गावातल्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे आधी चौकशी करावी.

घुमट, काठीचा तंबू की टार्प

दुकानात सर्रास मिळणारा दोघांचा घुमटाकार तंबू अडीच ते तीन किलोंचा असतो. तो स्वतःच्या काठ्यांवर उभा राहतो, हा त्याचा मोठा गुण. ट्रेकिंग पोलवर, म्हणजे चालताना टेकायच्या काठ्यांवर, उभारायचा दोघांचा तंबू आतल्या जाळीसह एक ते सव्वा किलोत येतो, कारण त्याला वेगळ्या काठ्याच नसतात. नुसता टार्प, म्हणजे दोऱ्यांनी ताणून छपरासारखे बांधायचे सपाट कापड, त्याहून हलका. सिलिकॉन लावलेल्या वीस डेनियर (धाग्याच्या जाडीचे माप) नायलॉनचे कापड चौरस मीटरला पन्नास ग्रॅमच्या आत येते, त्यामुळे तीन बाय तीन मीटरचा टार्प दोऱ्यांसह अर्ध्या किलोत बसतो. बाजारातली १२० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमची, ताडपत्री त्याच मापाची एक किलोहून जास्त भरते, म्हणून टार्पच्या बाबतीत पैसे कापडावर खर्च करणे योग्य ठरते.

अमेरिकेतल्या एमा गेटवूड यांनी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अॅपलेशियन ट्रेलची तीन हजारांहून अधिक किलोमीटरची वाट एकटीने चालून पूर्ण केली तेव्हा त्यांच्याकडे तंबू नव्हता. न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा हाच त्यांचा निवारा होता. टार्पचे समर्थक हे उदाहरण आवडीने देतात, आणि ते खरेच थोर आहे. पण आपल्या जमिनीवर एक गोष्ट वेगळी आहे. कातळावर आणि गवतात फुरसे असते, दगडाखाली विंचू असतो, आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. म्हणून खालून उघडा टार्प आपल्याकडे एकटा वापरू नये, हे माझे ठाम मत आहे. त्याच्या आत शिवलेल्या तळाची, चेन पूर्ण बंद होणारी मच्छरदाणी हवीच. माणशी अडीचशे-तीनशे ग्रॅमने वजन वाढेल, ते वाढू द्यावे.

कापडांत तीन नावे ऐकू येतात. सिलिकॉनचे नायलॉन बळकट आणि तुलनेने स्वस्त, पण ओले झाले की लांबते आणि टार्प मध्यरात्री सैल पडतो. झोपण्यापूर्वी तणावे पुन्हा ओढून घ्यावे लागतात. सिलिकॉनचे पॉलिस्टर पाणी फारसे शोषत नाही, ताणलेले राहते आणि उन्हाला जास्त टिकते. आपल्या दवाच्या रात्रींसाठी मी तेच निवडतो. डायनीमा काँपोझिट हे कापड चौरस मीटरला वीस-तीस ग्रॅम इतके हलके आहे आणि ते लांबतही नाही, पण त्याची किंमत कित्येक पटींनी जास्त आहे आणि करवंदीच्या जाळीतून, काटेरी झुडपांतून चालणाऱ्या सॅकमध्ये त्याला जपणे कठीण आहे. सिलिकॉनच्या कापडावर शिवणीची टेप चिकटत नाही, त्यामुळे शिवणींना सिलिकॉनचाच लेप हाताने लावावा लागतो. तो लावलेला आहे का, ते खरेदीच्या वेळीच विचारावे.

दोन झाडांना बांधून झोपायची झोळी कोकणातल्या झाडीत उत्तम, गडमाथ्यावर मात्र दोन नीट झाडे योग्य अंतरावर क्वचितच सापडतात.

कातळावर टार्प कसा बांधावा

काठीचे तंबू आणि टार्प यांविषयी सगळ्यांत जास्त तक्रार हीच असते की आपल्याकडे मेख जमिनीत जात नाही. माती बोटभर, खाली मुरूम किंवा सलग कातळ. रुंद पात्याची मेख अशा जागी वाकते. तिच्याऐवजी खिळ्यासारखी बारीक, टोकदार मेख दगडांच्या फटीतून वाट काढते. आठ मेखांपैकी चार बारीक आणि चार जाड घ्याव्यात, आणि प्रत्येक तणाव्याला हातभर लांबीची जादा दोरी आधीच बांधून ठेवावी, कारण कातळावर मेखेऐवजी दगड वापरायचे तर दोरी लांब लागते.

दगडाची रीत अशी. दोरीच्या टोकाला मोठा फास करून त्यात मुठीएवढा दगड अडकवावा आणि तो तणाव्याच्या रेषेत जमिनीवर ठेवावा. आता त्याच्या पुढे, म्हणजे टार्पच्या बाजूला, डोक्याएवढा जड दगड दोरीवर ठेवावा. दोरी ताणली की लहान दगड मोठ्या दगडावर येऊन अडकतो आणि मोठा दगड आपल्या वजनाने त्याला धरून ठेवतो. नुसती दोरी जड दगडाला गुंडाळली तर ती कातळाच्या धारेवर घासून रात्रीत तुटते. या रीतीत दोरीवर वजन असते, पण घासणे फार कमी होते. दगड उचलताना आधी काठीने उलटवावा, मगच हात घालावा. सकाळी दगड होते तिथे परत ठेवावेत. आणि गडाच्या तटाचा, बुरुजाचा किंवा जोत्याचा एकही चिरा यासाठी काढू नये. जवळ सुटा दगड नसेल तर जागा बदलावी.

वाऱ्याकडे टार्पची अरुंद, बुटकी बाजू करावी आणि काठ जमिनीपर्यंत खाली घ्यावा. हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याच्या काठावर वारा खालून वर येतो आणि दिशाही बदलतो, त्यामुळे तिथे काठीचा तंबू उभारण्याऐवजी मंदिराच्या दिशेने, झाडीच्या आडोशाला मागे यावे. कड्याच्या काठावर झोपणे इतर कारणांनीही धोक्याचे आहे.

दवाचाही विचार जागा निवडताना करावा. थंड, दमट हवा खोलगट जागी आणि पाण्याच्या टाक्याभोवती साचते. तिथून तीस-चाळीस पावले वर, झाडाखाली झोपले तर फरक पडतो. एकपदरी तंबूत आतून ओल धरतेच. दोन्ही बाजूंची हवा खेळती ठेवली तर ती कमी होते, पूर्ण थांबत नाही. एक छोटा सुती रुमाल जवळ असावा आणि पहाटे आतली बाजू पुसून घ्यावी. खाली अंथरायला जाड प्लॅस्टिकचा कागद पुरतो. तो टार्पच्या काठापेक्षा वीतभर लहान कापावा, नाहीतर पावसाचे पाणी त्यावरून आत येते.

हिमालयात जायचे असेल तर

वर सांगितलेले बरेचसे तिथे बदलते. चार हजार मीटरवर पाणी ८६-८७ अंशांना उकळते, भात-डाळ रेंगाळते आणि दुसरा मार्गच, म्हणजे नुसते पाणी उकळणे, परवडतो. गॅसचा डबा मनाली, लेह किंवा उत्तरकाशीत पोचल्यावर विकत घ्यावा आणि मिश्रणाचाच घ्यावा. बर्फ आणि उघड्यावरचा वारा अपेक्षित असेल तिथे टार्पचा हट्ट सोडून बंद होणारा, दोनपदरी तंबू न्यावा. उत्तराखंडातल्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, मुक्काम करण्यास तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली होती, त्यामुळे मार्ग आखताना सध्याचे नियम आधी तपासावेत.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

नवा टार्प किंवा तंबू पहिल्यांदा गडावर उघडू नये. गच्चीवर किंवा मैदानात, शक्य तर अंधारात हेडटॉर्च लावून, दोन-तीन वेळा उभारावा. गच्चीवर मेख ठोकता येत नाही, म्हणून दगडाची रीत तिथे आपोआप पाठ होते. त्याच संध्याकाळी बर्नरवर ठरलेले जेवण एकदा करून, आधी आणि नंतर गॅसचा डबा मोजावा. तुमच्या भांड्याला आणि तुमच्या खिचडीला किती गॅस लागतो हा आकडा कोणत्याही लेखातल्या आकड्यापेक्षा खरा. तंबू विकत घेण्याआधी भाड्याने आणून एक मुक्काम करता आला तर फारच चांगले.

गडावर भांडी टाक्यात बुडवू नयेत. भांड्यात घोटभर गरम पाणी घालून चमच्याने तळ सोडवावा आणि ते पाणी पिऊन टाकावे, उरलेले कागदाने पुसून तो कागद खाली आणावा. टाक्यात गेलेला एक थेंब साबणही पुढच्या माणसाच्या पिण्याच्या पाण्यात राहतो.

परत आल्यावर तंबू त्याच दिवशी सावलीत पूर्ण वाळवावा. पॉलियुरेथेनचा लेप असलेले तंबू आपल्या दमट हवेत ओले गुंडाळून ठेवले तर लेप चिकट होतो, त्याला उग्र वास येतो आणि कापड गळू लागते. हे नुकसान दुरुस्त होत नाही. वाळलेला तंबू त्याच्या घट्ट पिशवीत न ठेवता सुती पिशवीत सैल ठेवावा, काठ्या आणि मेखा पुसून वेगळ्या ठेवाव्यात. गॅसचा डबा स्वयंपाकघराच्या ओट्यापासून आणि गाडीच्या तापलेल्या डिकीपासून दूर, थंड जागी उभा ठेवावा. रिकामा डबा गडावर किंवा दरीत न टाकता घरी आणावा, बर्नर लावून शेवटचा वायू उघड्यावर जाळून संपवावा आणि डबा रिकामा असल्याचे सांगून भंगारवाल्याकडे द्यावा.